घरातला सर्व्हर हा छंद नव्हे

स्वतःच्या फायली स्वतःच्या यंत्रावर ठेवाव्यात, असं कोणी म्हटलं की चांगली शिकलेली माणसंही हल्ली वैतागतात. संगणकाच्या व्यवसायातली माणसं तर अधिकच. त्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो. ज्या कंपन्यांचा हा धंदाच आहे, ज्यांच्या डेटा सेंटरला स्वतःचे जनरेटर आणि पहारे आहेत, ज्यांच्याकडे फक्त सुरक्षेचं काम करणारे अभियंते आहेत, त्यांच्यापेक्षा तुम्ही शहाणे लागून गेलात का? तुम्ही घरात एक डबा ठेवणार, त्यात एक डिस्क. वीज गेली की डबा बंद, डिस्क गेली की आयुष्यभराचे फोटो गेले, चोर आला की डब्यासकट गेले. त्यापेक्षा महिन्याला काही रुपये भरा आणि निर्धास्त व्हा. खासगीपणाचं म्हणाल, तर तुमच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंत अमेरिकेतल्या कोणाला रस असणार? आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर घरच्यांनी त्या डब्याचं करायचं काय? थोडक्यात, स्वतःचा क्लाउड उभारणं हा वेळ जात नसलेल्यांचा छंद आहे, जबाबदार माणसाने त्या फंदात पडू नये.

हा युक्तिवाद मी पूर्ण ताकदीनिशी मांडला, कारण तो वेडगळ नाही. पण तो चूक आहे, आणि त्याचे परिणाम घरच्या फोटोंपुरते राहिले असते तर मी इतका चिडलो नसतो. तालुक्याच्या वाचनालयाने स्कॅन केलेले जुने अंक, नाट्यसंस्थेच्या प्रयोगांची चित्रीकरणं, डॉक्टरांकडचे रुग्णांचे अहवाल, वकिलाकडे पक्षकाराने विश्वासाने दिलेले कागद, बचत गटांचे हिशेब, हे सगळं याच भरवशावर कुठल्यातरी खात्यात नेऊन टाकलं जातं. ते खातं बहुतेकदा संस्थेचंही नसतं. त्या वेळी जो चिटणीस होता, त्याच्या वैयक्तिक ईमेलचं असतं. चिटणीस बदलतो, मुंबईला जातो, पासवर्ड विसरतो. आणि संस्था मात्र वार्षिक अहवालात अभिमानाने लिहिते की आमचं सगळं आता डिजिटल झालं आहे.

ज्याला छंद म्हटलं जातं ती वस्तू नेमकी काय आहे, ते आधी पाहू. तळहाताएवढा रास्पबेरी पाय किंवा कपाटात पडून असलेला जुना लॅपटॉप, त्याला जोडलेल्या दोन हार्ड डिस्क, आणि फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर. फ्रँक कार्लिचेक या जर्मन माणसाने २०१० मध्ये ओनक्लाउड सुरू केलं आणि २०१६ मध्ये तिथून बाहेर पडून नेक्स्टक्लाउड उभं केलं. फायली, दिनदर्शिका, फोन नंबर, सगळं त्यात राहतं आणि फोनशी जुळतं राहतं. फोटोंसाठी इमिच आहे. फोनमध्ये काढलेला फोटो ते आपोआप घरच्या डिस्कवर नेतं, चेहरे ओळखून फोटो लावून देतं, आणि ही ओळखण्याची क्रिया घरातल्याच यंत्रावर होते. सिंकथिंगला तर मधला सर्व्हरही लागत नाही. दोन यंत्रं परस्पर बोलून फायली सारख्या ठेवतात. हे विद्यार्थ्यांचे प्रयोग नाहीत. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवरून मायक्रोसॉफ्टचं ऑफिस काढून लिब्रेऑफिस आणि फायलींसाठी नेक्स्टक्लाउड आणायचं ठरवलं. एका राज्याचं प्रशासन ज्यावर चालवायचं ठरतं, ते आपल्या वाचनालयासाठी पोरखेळ कसं ठरतं?

आता पहिला मुद्दा, मोठ्यांच्या हाती सगळं सुरक्षित असतं हा. मोठ्या कंपनीची डिस्क माझ्या डिस्कपेक्षा चांगली सांभाळली जाते, हे मान्य. पण फायली जातात त्या काही फक्त डिस्क बिघडल्यामुळे जात नाहीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउड या युरोपातल्या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळून खाक झाली. कित्येक ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, तोही गेला. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये कबूल केलं की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाली. त्यात अशा हजारो वादकांचं काम होतं, ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती, कारण प्रत 'वर' होती. आणि मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं खासगी ठाणं गूगलच्याच बाजूच्या एका चुकीच्या मांडणीमुळे पुसलं गेलं. निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद होते. काळजी म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या भौगोलिक ठिकाणी साठा ठेवला होता, तो दोन्हीकडून गेला, कारण दोन्ही ठिकाणं एकाच खात्याला बांधलेली होती. निधी वाचला तो दुसऱ्याच कंपनीकडे वेगळी प्रत ठेवली होती म्हणून.

यावर कोणी दक्षिण कोरियाकडे बोट दाखवील. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट साठा नष्ट झाला. ते सरकारचं स्वतःचं होतं, कोणा कंपनीचं नव्हतं. बरोबर आहे. पण त्या साठ्याची बाहेर कुठेच प्रत नव्हती, म्हणून तो गेला. स्ट्रासबर्गमध्ये गेलं तेही याच कारणाने आणि ऑस्ट्रेलियात वाचलं तेही याच्या उलट कारणाने. इमारत किती भक्कम आणि कोणाची, यावर ते ठरलं नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. घरात एकच डिस्क ठेवून तिला क्लाउड म्हणणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे वर्षानुवर्षं जाहीर करते. त्यानुसार दर शंभरांतल्या साधारण दीड डिस्क वर्षाला मरतात. तुमची त्यात नसेलच असं कोणी सांगावं? पण याचा अर्थ डिस्क घरात ठेवू नका असा होत नाही, दुसरी ठेवा असा होतो. तिसरी प्रत बहिणीच्या घरी नाशिकला ठेवा. हवी तर ती एखाद्या कंपनीकडेही ठेवा, फक्त घरातून निघण्यापूर्वीच ती कुलूपबंद झालेली असू द्या. रेस्टिक, बोर्ग यांसारखी साधनं नेमकं हेच करतात. कंपनीला तिथे काय आहे ते वाचता येत नाही. कंपनीकडे ठेवायला माझा विरोध नाही. फक्त कंपनीकडेच ठेवायला आहे.

यानंतर मुख्य मुद्दा येतो, आणि विरोधक नेमका तोच टाळतात. प्रश्न कोणाचं यंत्र जास्त टिकाऊ हा नाही. दार बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा आहे.

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बापाने आपल्या लहान मुलाच्या जननेंद्रियाच्या जागी आलेल्या सुजेचे फोटो काढले. दवाखान्याने ते मागितले होते, करोनाचे दिवस होते, डॉक्टर फोनवरूनच तपासत होते. फोटो आपोआप गूगलच्या साठ्यात गेले, यंत्राने ते बाललैंगिक शोषणाचे ठरवले, आणि खातं बंद झालं. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांची पत्रं गेली, मुलाच्या पहिल्या वर्षांचे फोटो गेले, फोन नंबरसुद्धा गेला, कारण तोही त्यांच्याच सेवेचा होता. पोलिसांनी तपास करून गुन्हा घडलेला नाही असं सांगितलं. तरी खातं परत मिळालं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये हे सगळं छापलं, तरी नाही. मुलांचं शोषण शोधून काढायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चूक झाली हे पोलीस सांगत असताना ती दुरुस्त करायला ज्याला कोणी भाग पाडू शकत नाही, त्याच्या हाती आयुष्याची एकुलती एक प्रत द्यायची, याला सुरक्षित म्हणायचं?

कोणी म्हणेल, हे दूरचं आणि विरळा. मग जवळचं घेऊ. जुलै २०२५ मध्ये गुजरातमधल्या वाडीनार इथे तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि इतर सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवल्या. कारण, कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा, आणि युरोपीय संघाने लादलेले निर्बंध. भारताच्या कायद्याने नायराने काही गुन्हा केला नव्हता, पैसे भरलेले होते, साठा तिचा स्वतःचा होता. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. ब्रुसेल्समध्ये ठरलेल्या गोष्टीमुळे वाडीनारमधल्या माणसाला स्वतःचं पत्र उघडता येत नव्हतं. नायराला वकिलांची फौज परवडते. ज्या वाचनालयाच्या चिटणिसाचं खातं 'धोरणाचं उल्लंघन' एवढ्या दोन शब्दांनी बंद होतं, त्याने कोणाचं दार ठोठावायचं? तिथे बोलायला माणूसच नसतो. एक अर्ज भरायचा आणि त्याचं उत्तरही यंत्राकडून यायचं.

या मातीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. पेशव्यांचं दफ्तर इंग्रजांनी ताब्यात घेतलं आणि पुण्यात जपून ठेवलं. त्या काळातली त्याहून चांगली व्यवस्था क्वचितच कुठे असेल: पक्की इमारत, कारकून, क्रमवार लावलेले कागदांचे रुमाल. पण ज्यांचा तो इतिहास होता, त्या अभ्यासकांना दशकानुदशकं तिथे मोकळा प्रवेश नव्हता. इतिहासकार सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. मग त्याआधी मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला कशावरून? वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरचे, कुलकर्ण्यांच्या दफ्तरांतले, देवळांच्या कोठारांतले कागद त्यांनी मिळवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड छापले. सरकारी दफ्तर सुरक्षित होतं आणि बंद होतं. लोकांच्या घरातले कागद असुरक्षित होते आणि मिळाले.

हो, घरातल्या कागदांना वाळवीही लागली. कितीतरी दफ्तरं रद्दीत गेली, बंबात गेली, आणि राजवाड्यांना त्याची आयुष्यभर खंत होती. मी ते विसरलेलो नाही. पण त्यांनी यावर काय उपाय केला? उरलेले कागद सरकारजमा करा असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी ते छापले, म्हणजे प्रती करून शेकडो घरांत पोहोचवल्या. त्या काळात प्रत करायला छापखाना, खिळे, कागद आणि कर्ज लागत असे. आज एक डिस्क लागते आणि रात्रभराचा वेळ. ज्या कामासाठी त्या माणसाने उभं आयुष्य झिजवलं, ते आज इतकं सोपं झालेलं असताना आपण ते परक्यावर सोपवून हात झटकतो, याचा मला मनापासून संताप येतो.

'लपवण्यासारखं आहेच काय' या मुद्द्यावर मी फार थांबणार नाही, कारण तो आपल्याबद्दलचा नसतोच. डॉक्टरकडे जे असतं ते रुग्णाचं असतं, वकिलाकडे असतं ते पक्षकाराचं. आपल्याला लपवायचं नाही म्हणून दुसऱ्याचं गुपित उघड्यावर ठेवायचा अधिकार त्यांना कोणी दिला? अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीकडचा साठा जगात कुठेही असला तरी अमेरिकी सरकार तो कायदेशीर आदेशाने मागू शकतं. सर्व्हर मुंबईत आहे या दिलाशाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या दडपणानंतर ॲपलने त्या देशातल्या ग्राहकांसाठी आयक्लाउडचं सर्वांत कडक संरक्षण काढून घेतलं. ग्राहकांना कोणी विचारलं होतं? आणि आपल्याकडचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो की माहिती ज्याने गोळा केली, त्याने तिची हाताळणी दुसऱ्याकडे दिली तरी जबाबदारी त्याच्याच डोक्यावर राहते.

पैशाचं बोलू. स्वस्त पडतं म्हणणाऱ्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास पाहावा. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये ऑफिसच्या वर्गणीदारांना वनड्राइव्हवर अमर्याद जागा जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी ती परत घेतली. गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं ते फोटोंसाठी फुकट, अमर्याद जागेचं वचन देऊन. १ जून २०२१ पासून ते वचन संपलं, तोवर लोकांनी सहा वर्षांचे फोटो तिथे ओतले होते. विद्यापीठांना गूगलने अमर्याद जागा दिली, त्यांनी संशोधनाचा साठा तिकडे नेला, आणि मग मर्यादा आली: संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट. ॲमेझॉन ड्राइव्ह तर २०२३ च्या अखेरीस बंदच झालं. आधी जागा फुकट द्यायची, माणसाची आठवण आणि संस्थेचं काम तिथे पुरतं गुंतलं की दर लावायचा. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना पक्कं माहीत आहे. यात बेकायदा काही नाही, करारात सगळं लिहिलेलं असतं. पण ज्याचा दर, मर्यादा आणि आयुष्य समोरचा एकतर्फी बदलू शकतो, त्या व्यवहाराला स्वस्त म्हणायचं कशाच्या जोरावर?

आणि बाहेर पडायचं ठरवलं तर? एक टेराबाइट साठा १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून, जराही खंड न पडता, उतरवायला बावीस तासांहून अधिक लागतात. गूगलमधून फोटो बाहेर काढले की तारीख आणि ठिकाणाच्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फायलींत येतात, त्या पुन्हा जुळवाव्या लागतात. आता घरचा खर्च पाहा. घरातला छोटा सर्व्हर दिवसरात्र चालून दहा वॅट वीज खात असेल, तर महिन्याला होतात साडेसात युनिटच्या आत. युनिटला दहा रुपये धरले तरी पंचाहत्तर रुपये. डिस्कचा खर्च एकदा मोठा वाटतो, हे खरं. पण तो खर्च केल्यावर डिस्क तुमची होते. पुढच्या महिन्याचं भाडं थकलं म्हणून ती कोणी कुलूप लावून ठेवत नाही.

'सामान्य माणसाला हे जमणार नाही' हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. ते सहसा असा माणूस बोलतो ज्याला ते जमतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जा. किराणा दुकान, सराफ, औषधांचं दुकान, पतसंस्था, सगळीकडे गल्ल्यामागे किंवा माळ्यावर एक काळा डबा दिसेल. तो सीसीटीव्हीचा डीव्हीआर. त्याच्या पोटात हार्ड डिस्क असते, ती दिवसरात्र लिहीत असते, फोनवरून तिच्यातलं चित्रण पाहता येतं, आणि तो बसवून देणारा, बिघडला तर येऊन डिस्क बदलून जाणारा तंत्रज्ञ त्याच गावात असतो. हा स्वतःच्या जागेत, स्वतःच्या यंत्रावर ठेवलेला साठाच आहे. त्या दुकानदाराला कोणी हौशी म्हणत नाही. जो मुलगा डीव्हीआर बसवतो, तो नेक्स्टक्लाउडचा डबा बसवू शकत नाही, हे कोणी ठरवलं? त्याला ते कोणी शिकवलेलं नाही आणि कोणी मागितलेलं नाही, एवढंच. वीज जाण्याचं भय दाखवणाऱ्यांनीही जरा आजूबाजूला पाहावं. वीज किती जाते हे आपल्याला माहीत आहे, म्हणूनच घरोघरी इन्व्हर्टर आहेत, राउटरसाठीचा छोटा यूपीएस दुकानात मिळतो, आणि जुन्या लॅपटॉपला तर स्वतःची बॅटरीच असते. दोन तास सर्व्हर बंद राहिला तरी फोनमधले फोटो फोनमध्येच थांबतात आणि वीज आली की पुढे सरकतात. काही हरवत नाही.

हॅकरचा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती साठवणीच्या उपकरणांवर बाहेरून हल्ला झाला आणि जगभर लोकांचे साठे पुसले गेले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या टोळीने क्यूनॅप कंपनीच्या हजारो उपकरणांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. पण हे का झालं? माय बुक लाइव्हला २०१५ नंतर सुधारित सॉफ्टवेअरच मिळालेलं नव्हतं, आणि दोन्ही प्रकारांत उपकरणं थेट इंटरनेटवर उघडी होती. तसं उघडं ठेवायची गरज नसते. वायरगार्ड आहे, तो २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याने फोन आणि घर यांच्यात एक खासगी वाट तयार होते आणि बाहेरच्याला दार दिसतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती जोडण्यांवर अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता असतो. सर्व्हर चालवण्यात ही मोठी अडचण आहे असं सांगितलं जातं. पण त्या पत्त्यावरून बाहेरचा कोणी सरळ आत येऊ शकत नाही, आणि आतून बाहेर काढलेली खासगी वाट तर तरीही चालते. महिन्यातून एकदा बसून सॉफ्टवेअर अद्ययावत करावं लागतं, हे कबूल. तेवढं काम आहे. मोठ्या कंपन्यांकडे तरी ते आपोआप निर्दोष होतं का? जून २०११ मध्ये ड्रॉपबॉक्समध्ये काही तास कोणाच्याही खात्यात कुठलाही पासवर्ड टाकून शिरता येत होतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो घेणाऱ्याबद्दल मला आदर आहे: तुम्ही गेल्यावर काय? घरात ज्याला हे कळतं तो एकटाच असतो. तो गेला की बायकोमुलांसमोर लुकलुकणारा दिवा असलेला एक डबा उरतो.

पण तोच प्रश्न दुसऱ्या बाजूलाही विचारा. आयक्लाउडच्या अटींत स्पष्ट लिहिलं आहे की कायद्याने वेगळं सांगितलं नसेल तर खातं हस्तांतरित होत नाही आणि त्यावरचे हक्क माणसाबरोबर संपतात. गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला सुरुवात केली. वारस नेमण्याची सोय दोघांकडेही आहे, गूगलकडे २०१३ पासून आणि ॲपलकडे २०२१ पासून, पण तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी ती भरून ठेवली आहे, विचारून पाहा. वडील गेल्यावर त्यांच्या फोनचा पिन माहीत नाही म्हणून हतबल झालेली कुटुंबं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि परदेशी कंपनीचा इंग्रजी अर्ज एवढं सगळं पार करावं लागतं, आणि तरी दार उघडेलच याची हमी नसते.

घरातल्या डिस्कचं असं नाही. ती काढून कुठल्याही संगणकाला जोडता येते. गावातला संगणक दुरुस्त करणारा मुलगासुद्धा त्यातले फोटो काढून देऊ शकतो, फक्त फोटो साध्या फोल्डरमध्ये, वर्षवार ठेवलेले हवेत. डिस्क कुलूपबंद केली असेल, तर पासवर्ड कागदावर लिहून एलआयसीच्या पॉलिसी आणि घराचं खरेदीखत ठेवलंय त्याच फाइलमध्ये ठेवावा लागतो. त्या पानावर यंत्र कुठे आहे, दुसरी प्रत कोणाकडे आहे आणि कोणाला फोन करायचा, एवढं मराठीत लिहिलं की काम झालं. हे न लिहिणारा माणूस बेजबाबदार आहे, यात वाद नाही. पण तो क्लाउड वापरत असता तरी तेवढाच बेजबाबदार राहिला असता.

संस्थांच्या बाबतीत तर एकट्या माणसाचा प्रश्न उद्भवायलाच नको, आणि म्हणून माझी मागणी संस्थांपासून सुरू होते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रातली हजारो वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार सरकारी अनुदान घेतात. त्यांच्याकडचे जुने अंक, स्थानिक साप्ताहिकं, गावच्या इतिहासाची पुस्तकं लोकांच्या पैशातून स्कॅन होत असतील, तर अनुदानाच्या अटींत तीन गोष्टी लिहा. मूळ फायलींची प्रत वाचनालयाच्या स्वतःच्या डिस्कवर हवी. दुसरी प्रत दुसऱ्या तालुक्यातल्या वाचनालयात हवी. आणि पासवर्ड कोणा एका चिटणिसाच्या फोनमध्ये न राहता कार्यकारिणीच्या नोंदवहीत, सीलबंद पाकिटात हवा. सिंकथिंगमध्ये अशी सोय आहे की वाईच्या वाचनालयाने कऱ्हाडची प्रत सांभाळायची, पण ती उघडून वाचता येणार नाही, आणि कऱ्हाडने वाईची. कृष्णेच्या पुराने एका गावाचं कपाट भिजलं, तर दुसऱ्या गावातून सगळं परत येईल. यासाठी कुठल्या परदेशी कंपनीची परवानगी लागत नाही, निविदा काढण्याएवढा खर्च येत नाही, आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागत नाही. लागतो तो एक ठराव. वाचनालयांनी येत्या वार्षिक सभेत तो मांडावा, आणि 'हे हौशी लोकांचं काम आहे' असं म्हणून जो विरोध करील, त्याने संस्थेच्या फायली आज नेमक्या कोणाच्या खात्यात आहेत आणि त्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे सभेपुढे उभं राहून सांगावं.